टाक, ताई!

बार्बर, कुरासाव
१४ सप्टेंबर १९९७

सीला,

फोन आपटतेस, म्हणून पत्र. पत्र आपटून आवाज होत नाही, आणि फाडायच्या आधी माणूस निदान वरच्या चार ओळी वाचतोच. तर त्या चार ओळींतच सांगून टाकते. तुझा रुडसेल ठणठणीत आहे, मक्याची फुंची माशाच्या रश्शात कालवून दोनदा मागून घेतो, आणि तो विमानात बसला नाही याचं मला त्याच्यासाठी वाईट वाटत नाही. तुझ्यासाठी वाटतं.

आपलं काय ठरलं होतं ते मी विसरलेले नाही. तू रॉटरडॅमला जायचं, नोकरीत रुळायचं, आणि पोरगं बारा वर्षांचं झालं की त्याला तिथल्या शाळेत घालायचं. तिकीट आलं, मी बॅग भरली, लोकरीची टोपीसुद्धा पैदा केली. या बेटावर लोकरीची टोपी शोधणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आणि निघायच्या सकाळी पोरगं गायब! सापडलं कुठं, तर मैदानावर. एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता आणि परत येईल तो पकडत होता. बघायला फक्त बकऱ्या.

मी म्हटलं, "अरे गाढवा, विमान चुकेल."

तर म्हणतो, "मावशी, तिथं अर्धं वर्ष बेसबॉल बंद असतो. थंडी असते."

"आणि तिथं आई असते, त्याचं काय?"

त्यानं चेंडू आणखी एकदा भिंतीवर मारून पकडला. मग म्हणाला, "आई इथं येऊ शकते. मैदान तिथं नाही येऊ शकत."

आता याच्यावर तू काय बोलली असतीस? मुसक्या बांधून त्याला विमानात घालायचं माझ्याच्यानं झालं नाही. तू म्हणालीस, "तू माझा मुलगा चोरलास." पुढं आणखीही एक म्हणालीस, मला मूल नाही त्याच्यावरून. ते फोनच्या खरखरीत मला ऐकू आलं नाही असं मी ठरवलंय.

काल भांडी घासताना एकदम आठवलं. बार्बरच्या बायकांचा आपला सॉफ्टबॉलचा संघ, मी शॉर्टस्टॉपला चेंडू अडवायला, तू फर्स्ट बेसवर तो झेलायला. सरपटत आलेला चेंडू मी अजून धड उचललेलाही नसायचा, की तिकडून तुझं सुरू: "टाक, ताई! टाक!" धावणारी बेसवर पोचायच्या आत चेंडू तुझ्याकडे पोचायला हवा, हे काय मला माहीत नव्हतं? पण तू ओरडायचीसच. शेवटी माझा हात तुझ्या ओरडण्यावरच चालायला लागला. आता तू गप्प आहेस तर चुकल्यासारखं होतं.

ताई


बार्बर
२७ डिसेंबर १९९९

सीला,

नाताळाचा काळा केक पाठवलाय. रम जास्त झाली आहे, जपून खा.

उत्तर नाहीच येत. बरं. रुडसेलला फोन करतेस, मी उचलला की ठेवून देतेस, हेही बरं. पण तो फोनवर तुला फक्त "हो", "नाही", "जेवलो" एवढंच सांगतो, हे मला दाराआडून ऐकू येतं. म्हणून बाकीचं मी लिहिते.

टायर दुरुस्तीवाला नेचीकाका आठवतो ना? पोरांना तोच शिकवतो. त्याचा एकच नियम आहे: मैदानातला दगड उचलायचा नाही. शहरातले लोक सामन्याआधी मैदान झाडतात, पाणी मारतात. आमच्याकडे बाहेरची कुणी आई चुकून एखादा खडा बाजूला टाकायला गेली, तर नेचीकाका लांबून ओरडतो, "बाई, तो जागेवर ठेवा! तो इथला खेळाडू आहे!"

मी एकदा त्याच्याशी भांडले. रुडसेलचा ओठ फुटला होता, सरळ येणारा चेंडू खड्यावर आपटून तोंडावर आला होता. नेचीकाका टायरमधून डोकंसुद्धा वर न काढता म्हणाला, "लुडविना, सरळ चेंडू माझी बकरीपण अडवेल. वाकडा टप्पा पकडायला शिकू दे त्याला."

"आणि दात पडले तर?"

"तर सूप पिईल."

असा माणूस आहे. पण सीला, तू बघायला हवं होतंस. शाळेची व्हॅन लावून आले की रोज संध्याकाळी मी बॅट घेते आणि त्याला सरपटी चेंडू मारते. चेंडू निघतो एकीकडे आणि खड्याला लागून जातो भलतीकडे. आणि हा तिथं आधीच! खाली वाकतो, छाती पुढं करतो, आणि तो अर्धा क्षण थांबतो. चेंडूनं काय ते ठरवावं म्हणून थांबतो. मग जिथं चेंडू तिथं हात. मी वीस वर्षं तीच जागा खेळले. असे हात माझे नव्हते. गावात कुणाचेच नव्हते.

गेल्या रविवारी शहरातली पोरं आली होती, कडक इस्त्रीचे गणवेश घालून. आमच्या मैदानाकडे बघून हसली. संध्याकाळी कुणी हसत नव्हतं. त्यांचा शॉर्टस्टॉप तर शेवटी शेवटी चेंडू आला की तोंड फिरवून घ्यायचा.

हे मी फुशारकी मारायला लिहीत नाही. थोडं त्यासाठीही लिहिते.

ताई


बार्बर
९ जुलै २००१

सीला,

सही करून पाठवलेले कागद पोचले. पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, आत एक ओळही नव्हती. चालेल. सही महत्त्वाची होती, त्याच्या वयाला आईची लागते.

तर आता अधिकृतपणे सांगते: तुझा मुलगा अमेरिकेतल्या एका मोठ्या क्लबाचा झाला. मोठ्या संघाचा नव्हे, अजून बरीच खालची पायरी. पण पायरी आहे.

निवड करायला आलेला माणूस आधी त्याच्याकडे बघायलाच तयार नव्हता. अंगानं हा अजून काडीच. शहरातला संघ बार्बरला खेळायला आला होता, त्यातल्या एका उंच पोराला बघायला तो माणूस आला होता, आणि पाणी पिण्यापुरता सावलीत थांबला होता. तेवढ्यात आमच्या मैदानावर एक सणसणीत चेंडू दगडावर आपटून रुडसेलच्या डोक्यावरून चालला होता. ह्यानं उघड्या हातानं तो हवेतून काढला, ग्लव्हनं नव्हे, आणि अंग वळवायच्या आधीच फर्स्टला फेकला. त्या माणसानं ग्लास खाली ठेवला आणि नेचीकाकाला विचारलं, "हा असं रोज करतो?"

नेचीकाका म्हणाला, "नाही, रविवारी आम्ही चर्चमध्ये असतो."

निघायच्या आदल्या दिवशी रुडसेल मैदानावर जाऊन आला आणि हातात एक खडा. मी म्हटलं, "नियम मोडलास."

म्हणाला, "नेचीकाकाला विचारून आणलाय. एकच."

विमानतळावर मी रडले नाही. व्हॅनमध्ये बसल्यावर वायपर चालू करून बसले होते, पावसाचा एक थेंब नव्हता. आता घरात फुंची उरते. तुला सहा वर्षांचं पोर ठेवून जाताना काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. हे मला आधीच कळायला हवं होतं.

ताई


बार्बर
१९ ऑक्टोबर २००३

सीला,

आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागणार आहे, तेव्हा हे पत्र शेवटपर्यंत वाच.

रुडसेल घरी आलाय. हंगाम संपला म्हणून आलाय, पण चेहरा असा की कुणी मेलंय. दोन दिवस मैदानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मी बकरीचा रस्सा केला, आणि तो वाटीत चमचा फिरवत म्हणाला, "मावशी, मला जमत नाही."

"काय जमत नाही?"

"सरळ चेंडू."

मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही. तिथली मैदानं म्हणे बिलियर्डच्या टेबलासारखी. रोज कापलेलं गवत, चाळून घेतलेली माती, एक खडा औषधाला नाही. चेंडू येतो तो आखल्यासारखा सरळ येतो. आणि आपला पोरगा खाली वाकतो, छाती पुढं करतो आणि तो अर्धा क्षण थांबतो. तेवढ्यात धावणारा बेसवर. घाई केली तर चेंडू बोटांखालून मागं. इथं ज्याच्या हाताखालून मुंगी जात नव्हती, त्याच्या नावापुढं तिथं चुकाच चुका.

प्रशिक्षकानं विचारलं, "तू कसली वाट बघतोस?"

हा म्हणाला, "दगडाची."

सगळे पोट धरून हसले. त्याला वाटलं आपण पण हसावं, म्हणून हाही हसला. हे सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

आता वसंतातल्या सरावात त्यांनी शेवटची संधी द्यायची कबूल केली आहे. नाही सुधारला तर घरी.

मी नेचीकाकाकडे गेले. पहिल्यांदाच त्यानं टायर खाली ठेवला. म्हणाला, "डोक्याला कळतंय त्याच्या. अंगाला कळत नाही. अंगाला सपाट जमीन दाखवायला हवी, रोज, महिनोन्महिने." मग आम्ही दोघं बसून अख्ख्या बेटावर सपाट जमीन शोधली. चर्चचं सभागृह? त्याच्या फरशा उचकटल्यात. शाळेचं पटांगण? ते किती खडबडीत आहे ते तुला माहीतच आहे. शहरातली मैदानं झाडलेली असतात खरी, पण हा म्हणतो, "मावशी, इथल्या मातीचा वास आला की माझे गुडघे आपोआप थांबतात."

आणि मग रुडसेल खाली मान घालून म्हणाला, "आईच्या घरामागं शाळेचं खेळायचं बंदिस्त सभागृह आहे. लाकडी जमीन. तिनं एकदा फोनवर सांगितलं होतं."

सीला, मी त्या क्षणी काय विचार केला ते सांगते. मी विचार केला, गेला. या वेळी खरंच गेला. तू त्याला जवळ घेशील, त्याला कळेल आई कशी असते, आणि तो परत आला तरी माझ्याकडे पाहुणा म्हणून येईल. रात्रभर हाच विचार. सकाळी उठून त्याची बॅग भरली. ती लोकरीची टोपी अजून होती, आता तिच्यात त्याचं डोकं मावत नाही.

त्याला हिवाळाभर ठेवून घे. त्याला चेंडू टाक. नेचीकाकाला हे जमणार नाही, मलाही नाही, आम्ही दोघं दगडांतलीच माणसं. तू फर्स्ट बेस होतीस. तुझ्याकडे चेंडू नेहमी सरळ आला.

माझ्याशी बोलायची अट नाही.

लुडविना


बार्बर
२२ फेब्रुवारी २००४

सीला,

तू लिहीत नाहीस, पण पोरगं आता फोनवर भडाभडा बोलतं. हे तुझ्याकडे राहूनच झालं, तेव्हा आभार.

त्यानं सगळं सांगितलं. तुझी वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपली की तू थेट सभागृहात यायचीस. तिथल्या राखणदाराला तू केळ्याची भजी खाऊ घालून फितवलंस, म्हणून तो शाळा भरायच्या आधी दार उघडायचा. बूट काढून, मोज्यांवर, अंगात तो जाडजूड कोट घालून माझी बहीण लाकडी जमिनीवर चेंडू सोडत होती. मला हे डोळ्यांसमोर येतं आणि मी व्हॅन चालवताना एकटीच हसते. पोरं विचारतात, "बाई, काय झालं?"

सुरुवातीला तो तुझ्यासमोरही थांबायचाच. मग म्हणे तू चेंडू हातात धरून त्याच्यापाशी गेलीस आणि म्हणालीस, "तुझ्या मावशीनं तुला शिकवलं की जमिनीवर विश्वास ठेवायचा नाही. ते खरं आहे, ते विसरू नकोस. आता मी शिकवते ते दुसरं. हा चेंडू सरळच येणार आहे. तू ये पुढं."

"ये पुढं." बस. म्हणे तू रोज तेवढंच म्हणायचीस. आणि एका सकाळी तो पुढं आला.

ते मावशीचं वाक्य मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी रश्श्यात मीठ टाकायचं विसरले. रात्री परत विचार केला तर वाटलं, माझ्याबद्दल इतक्या वर्षांत कुणी इतकं नेमकं बोललेलं नाही. आणि "ते खरं आहे" असंही तू म्हणालीस. ते मी दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

तो परवा वसंतातल्या सरावासाठी फ्लोरिडाला पोचला. खिशात अजून तो खडा आहे. तुझ्या सभागृहातलं काही नाही आणलं का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तिथं उचलायला काही नव्हतंच, मावशी. म्हणून तर गेलो."

ताई


बार्बर
२८ ऑगस्ट २००६

सीला,

तुला त्यानं आधी सांगितलं की मला, हे मी विचारणार नाही. (मला पहाटे सांगितलं. तुझ्याकडे तेव्हा सकाळ झालेली असणार.)

मोठ्या संघात! आपला रुडसेल! त्यांचा नेहमीचा शॉर्टस्टॉप जायबंदी झाला आणि ह्याला बोलावणं आलं. मी अंगणात जाऊन इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारचा कोंबडा दचकून निवडुंगाच्या कुंपणावर चढला. नेचीकाकाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग? आणखी कुठं जाणार होता?" आणि दुकान बंद करून घरी गेला. ऐन दुपारी दुकान बंद करताना त्याला मी आजवर पाहिलेलं नाही.

तिकिटं तो पाठवतोय, दोन. त्या शहराचं नाव मला अजून उच्चारता येत नाही, पण विमान मला तिथं नेईल म्हणतात. दोन्ही खुर्च्या शेजारी-शेजारी आहेत, त्याला इलाज नाही. तुला माझ्याकडे बघायची सक्ती नाही. सगळे मैदानाकडेच बघत असतात.

ये, सीला. तो विचारतो, "आई येईल ना?" मी म्हणते, "मला काय माहीत, माझ्याशी कुठं बोलते ती." आणि मग मी विषय बदलते.

ताई


बार्बर
११ सप्टेंबर २००६

सीला,

काल घरी पोचले. नेचीकाका विमानतळावर आला होता, धुतलेला सदरा घालून. व्हॅनमध्ये बसल्याबरोबर म्हणाला, "सगळं सांग. रेडिओवरचा माणूस घाईत होता." मग मी त्याला सांगितलं, आणि त्याला जे सांगितलं नाही ते तुला लिहिते.

तू आलीस तेव्हा राष्ट्रगीत संपत होतं. तू माझ्याकडे न बघता बसलीस आणि आपल्या खुर्च्यांच्या मधल्या हातावर कोट टाकलास, सीमेवर कुंपण घालतात तसा. तुझे केस पांढरे झालेत. कुणी सांगितलं नव्हतं मला. मला एकदम तुझा चेहरा हातात धरावासा वाटला, आणि मी शेंगदाणे खात बसले. तू मैदानाकडे बघत होतीस, मी मैदानाकडे बघत होते, आणि एवढ्या हजारो लोकांत आपण दोघीच जणू कुणाच्या तरी अंत्यविधीला आलो होतो.

आणि तो बाहेर आला. किती लहान दिसत होता गं तिथून! त्या हिरव्यागार गालिच्यावर एक ठिपका. त्यानं जमिनीकडे पाहिलं, बुटाच्या टोकानं माती चाचपली. मला माहीत होतं तो काय शोधतोय. तुलाही माहीत होतं, कारण तुझा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

मग तो चेंडू आला. जोरात, सरपटत, सरळ त्याच्या दिशेनं. मी माझ्या खुर्चीत वाकले, सीला. छाती पुढं केली आणि थांबले. मी दगडाची वाट बघत होते, त्या झाडलेल्या, चाळलेल्या मैदानात. पण तो थांबला नाही. तो पुढं आला. चेंडू अजून टप्पा घेत होता आणि हा त्याच्यावर होता, जणू जन्मभर लाकडी जमिनीवरच खेळलाय.

आणि त्याच क्षणी तू उभी राहून ओरडलीस, "टाक, ताई!"

त्याचं नाव नाही घेतलंस. ताई म्हणालीस.

माझा हात उठला. शपथ घेऊन सांगते, मी नाही उचलला, तो आपला आपण उठला आणि त्यानं फेकलं. हातातलं थंड पेय सगळंच्या सगळं पुढच्या माणसाच्या मानेत. तो बिचारा किंचाळत उठला, तिकडे चेंडू फर्स्टला पोचला, धावणारा बाद, सगळं मैदान उठून ओरडतंय, आणि तू त्या माणसाला स्वतःच्या कोटानं पुसत होतीस. आपल्या मधल्या हातावरचाच कोट! आणि हसत होतीस. तुझं ते लाज सोडून हसणं, पोट धरून, सॉफ्टबॉलच्या दिवसांतलं. तू तोंडावर हात ठेवलास आणि मला कळलं की तुलाही आत्ताच कळलंय, आपण काय ओरडलो.

त्यानंतर आपण फार बोललो नाही. "शेंगदाणे दे." "खारट आहेत." एवढंच. विमानतळावर तू माझी बॅग उचललीस आणि "हे काय दगड भरलेत का?" म्हणालीस, आणि मग आपण दोघीही दुसरीकडे बघायला लागलो.

नऊ वर्षं मी या पत्रांत काय काय लिहिलं, आता आठवतही नाही. एकच विचारायचं राहिलंय. माझ्या हातानं फेकलं, तेव्हा त्यात चेंडू नव्हता हे मला माहीत आहे. पण तू फर्स्टवर होतीस, सीला. पोचला ना गं?

तुझी ताई